ओळखता आले नाही

भायखळ्याच्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या मिशन संस्थेचे कार्यालय आहे आणि गेली अनेक वर्षे मी तेथे हिशेबनीस आहे. व्हाउचर नसेल तर पैसे नाहीत आणि स्वतः मोजल्याशिवाय सही नाही, हे माझे दोन नियम कार्यालयात थट्टेचा विषय झाले आहेत. सप्टेंबर 2019 मध्ये आमच्या सहा जणांच्या सेवातुकडीबरोबर मी केनियातील मोंबासा येथे गेले, ती उपदेश करण्यासाठी नव्हे, तर पैसे, पासपोर्ट आणि पावत्या सांभाळण्यासाठी. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी मी तेथे गमावल्या. पावत्या तेवढ्या शाबूत आल्या.

मोंबासाच का, असे आमच्या चर्चच्या मंडळीतील अनेकांनी विचारले होते. त्याचे उत्तर आपल्या नाशिकमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींना नाशिकच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात शिक्षण आणि हातचे कसब दिले जात असे. त्यांच्यातील काही जण पुढे पूर्व आफ्रिकेत परतले आणि मोंबासाजवळ 1875 मध्ये वसलेल्या फ्रेअर टाउन या वस्तीत राहिले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचे नाव त्या वस्तीला मिळाले आणि नाशिकहून गेलेल्या या लोकांना तिकडे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागताच वाजवली जाणारी घंटा तेथे होती, म्हणून त्या भागाला आजही केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असे म्हणतात. आमचा मुक्काम त्याच परिसरात होता. वाचनाचे चष्मे वाटायचे आणि तेथील भगिनींसाठी शिवणाचा वर्ग चालवायचा, एवढेच आमचे काम होते.

पैशांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण पुढचा सारा प्रकार त्यातून घडला. करसवलत घेतलेल्या धर्मादाय संस्थेला आपला निधी देशाबाहेर खर्च करायचा असेल, तर आयकर खात्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. त्या भानगडीत न पडता मंडळीतील माणसांनी आम्हाला वैयक्तिक भेट म्हणून पाकिटे दिली आणि प्रत्येकाने आपापल्या नावावर डॉलर घेतले. घरोघरी पोळ्या लाटायला जाणाऱ्या माझगावच्या एका आजींनी दहा-दहाच्या नोटांत साडेचारशे रुपये दिले होते. त्यांच्या पाकिटावर मी क्रमांक घातला, तो 27 होता.

18 सप्टेंबरला, बुधवारी, शिलाई यंत्रांचे पैसे चुकते करण्यासाठी आठशे डॉलरचे शिलिंग करून घ्यायचे होते. डॉलर तिघींच्या नावावर असल्यामुळे तिघींचे मूळ पासपोर्ट माझ्या झोळीत होते आणि प्रत्येकाला पीतज्वराच्या लसीचे पिवळे कार्ड टाचलेले होते. तुकडीतील सर्वांचे पासपोर्ट माझ्याकडे द्यावेत असा माझा आग्रह होता. परंतु बेस्टमधून निवृत्त झालेल्या आमच्या कंडक्टरकाकांनी तो मुंबईच्या विमानतळावरच मोडून काढला होता. बनियनला आतून शिवलेल्या चोरखिशात त्यांचा पासपोर्ट असे. छत्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे पोटाशी बांधून गर्दीतून फिरलो आहे, आता माझा कागद मीच सांभाळीन, असे ते म्हणाले, तेव्हा मी चारचौघांत त्यांच्यावर चिडले होते.

त्या वर्षी केनियात जुन्या हजार शिलिंगांच्या नोटा रद्द होणार होत्या. 30 सप्टेंबर ही शेवटची तारीख होती. 2016 चा नोव्हेंबर मुंबईत बँकेच्या रांगेत काढलेल्या माणसाला अशी तारीख ऐकूनच धडकी भरते. चलन बदलणाऱ्याने ब्याऐंशी हजारांहून थोडे अधिक शिलिंग दिले, त्यात अकरा नोटा जुन्या निघाल्या. बारा दिवस चालतील, कोणीही घेईल, असे तो सांगत होता आणि ते खरेही होते. परंतु मी हटले नाही. नव्या नोटा दुसऱ्या शाखेतून येईपर्यंत दीड तास गेला. विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही. सूर्य बुडाला की थोड्याच वेळात अंधार पडतो. न्यालीचा पूल ओलांडून आम्ही बाजाराजवळ उतरलो आणि पुढच्या मटाटूची, म्हणजे तिकडच्या शेअर व्हॅनची, वाट पाहत उभे राहिलो, तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. चलन बदलणाऱ्याचे ऐकले असते, तर आम्ही तासाभरापूर्वीच मुक्कामी पोहोचलो असतो.

आम्ही चौघे होतो: मी, शिवण शिकवणाऱ्या आमच्या एक भगिनी, कंडक्टरकाका आणि यजमान मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. स्वाहिलीत पाळकाला म्चुंगाजी म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ आपल्या शब्दासारखाच कळप राखणारा असा आहे. हिशेबाला तेथे हेसाबू आणि विम्याला बीमा म्हणतात, हे ऐकून मला पहिल्या दिवशी फार गंमत वाटली होती. काकांनी तर विमानातच एका वहीत शंभरेक शब्द उतरवून घेतले होते.

मागून मोटारसायकल आली. ती आपल्या पुण्याच्या कंपनीची होती, हे काकांनी नंतर पोलिसांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. मागे बसलेल्याचा हात मला दिसला, पिवळी बाही दिसली, आणि खांद्याला हिसका बसून मी गुडघ्यावर पडले. झोळीचा पट्टा तुटला नाही, तो माझ्या हातावरून सरकत निघून गेला आणि जाताना कातडी सोलून गेला. मी ‘चोर, चोर’ असे ओरडले. मराठीत ओरडले, म्हणून कोणीही हलले नाही. भाजीवाल्या बायका माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

तेव्हा काका ओरडले, “म्वीझी! म्वीझी!” वहीतला चोर हा शब्द त्यांना नेमका आठवला.

त्या शब्दासरशी काय झाले ते मला आजही नीट क्रमाने सांगता येत नाही. बाजार बंद करण्याच्या घाईत असलेली माणसे, हमाल, टुकटुकवाले, सगळे एकदम धावले. मोटारसायकल केव्हाच दिसेनाशी झाली होती. त्याच दिशेने पळणारा पिवळ्या शर्टातला एक मुलगा मात्र लोकांच्या हाती लागला. आपल्या लोकलमध्ये पाकीटमार सापडला की ज्यांचे काही गेलेले नसते तेही हात साफ करून घेतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. पण तेथे काही थपडांवर भागणार नाही, हे म्चुंगाजींच्या चेहऱ्यावरून कळत होते. एकाने दगड उचलला. कोणी तरी टायर, टायर असे ओरडले आणि टायर कशाला हवा, हे मला लगेच समजले नाही. समजले तेव्हा माझे पाय लटपटू लागले. अंगाभोवती टायर अडकवून तो पेटवून देण्याची रीत आहे, असे आदल्याच दिवशी तेथील एकाने जेवताना सांगितले होते.

सर्वांत आधी काका त्या घोळक्यात घुसले. एकोणसत्तर वर्षांचा, मधुमेहाचा माणूस त्या मुलावर दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि “मागे सरका, चला मागे सरका” असे मराठीत ओरडू लागला. ज्यांनी जन्मभर लोकांना ‘पुढे चला’ म्हणून सांगितले, त्यांचा तो आवाज लोकांना कसा समजला कोण जाणे, पण पहिली रांग क्षणभर थांबली. तेवढ्यात म्चुंगाजी पुढे झाले. त्यांच्या गळ्यातील पांढरी कॉलर लोकांनी ओळखली आणि त्यांचे ऐकले. काकांच्या पाठीवर दोन दगड बसले होते, हे आम्हाला रात्री त्यांनी सदरा काढल्यावर दिसले.

पोलीस ठाण्यात मुलगा बाकावर बसला होता. तो सोळा-सतरा वर्षांचा असावा. ओठ फाटला होता आणि कानातून रक्त येत होते. सगळे पळत होते म्हणून मी पळालो, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. अधिकाऱ्याने ऑकरन्स बुक नावाची जाड नोंदवही उघडली, तक्रारीला क्रमांक दिला आणि शांतपणे विचारले, “हाच होता का?”

आमच्या भगिनी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, “ताई, हो म्हणा. हा अडकला तरच दुसऱ्याचं नाव सांगेल. माझा पासपोर्ट आहे हो त्यात.” त्यांचे काही चुकले नव्हते. घरी लहान मूल ठेवून त्या पहिल्यांदाच परदेशात आल्या होत्या आणि त्यांचा कागद माझ्या आग्रहामुळे माझ्या झोळीत होता. मी मुलाकडे पाहिले. त्याच्या बाहीकडे पाहिले. पिवळा रंग तोच होता. परंतु तोच पिवळा रंग ठाण्याबाहेर गर्दी करून उभ्या असलेल्या आणखी दोघांच्या अंगावरही होता. हात मी पाहिला होता, चेहरा पाहिला नव्हता.

त्या वेळी माझ्या मनात क्षमा, दया असे काहीही नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगते. मला प्रचंड राग आला होता आणि तो मुलगाच चोर निघावा, अशी मनोमन इच्छाही होती. मनात दोनच गोष्टी आल्या. एक म्हणजे धुळे जिल्ह्यातील राईनपाडा, जेथे 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षा मागून जगणाऱ्या पाच निरपराध माणसांना ठार मारले होते. दुसरी गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. समोरच्या जबानीखाली सहीची रेघ होती आणि न मोजलेल्या रकमेखाली मी कधी सही केलेली नाही. मी अधिकाऱ्याला सांगितले की, मला ओळखता येत नाही. त्याने तसे लिहिले आणि मी सही केली. भगिनी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

रात्रीच्या प्रार्थनेत कोणी तरी, देवाने आपली परीक्षा पाहिली, असे म्हणाले. मला ते मुळीच पटले नाही. अकरा जुन्या नोटांसाठी दीड तास मी अडून बसले होते, देव नव्हे.

पुढचे दिवस कागदांचे होते. सुदैवाने मोंबासात भारताचे सहायक उच्चायुक्तालय आहे. पासपोर्ट हरवलेल्या भारतीयाला तेथून मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते, परंतु त्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. त्याला तेथे अ‍ॅब्स्ट्रॅक्ट म्हणतात. निघण्यापूर्वी प्रत्येक कागद स्कॅन करून कार्यालयाच्या संगणकात ठेवण्याचा माझा हट्ट या वेळी कामी आला. आमच्या शिपायाने भायखळ्याहून पासपोर्टांच्या आणि पिवळ्या कार्डांच्या प्रती अर्ध्या तासात पाठवल्या. मुंबईला उतरल्यावर अडचण पिवळ्या कार्डांची आली. केनियाहून येणाऱ्या प्रवाशाकडे ते नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. आमच्या प्रती सहारच्या लसीकरण केंद्राच्या नोंदींशी ताडून होईपर्यंत आम्ही तिघी विमानतळाच्या आरोग्य कक्षात ताटकळत बसलो होतो. त्या मुलाचे काय झाले, हे मी म्चुंगाजींना दोनदा विचारले होते. पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्या दिवशी सोडून दिल्याचे सांगितले आणि दुसऱ्यांदा त्यांनी विषय बदलला.

ऑक्टोबरमध्ये मी मंडळीपुढे हिशेब ठेवला. लोक चांगले वागले. कोणी टोचून बोलले नाही. माझगावच्या आजींनी मात्र उपासनेनंतर मला बाजूला घेऊन, “माझ्यातले किती गेले?” असे विचारले. सगळी पाकिटे एकत्र झाली होती, असे सांगून मला सुटता आले असते. मी घरी जाऊन प्रमाण काढले आणि पुढच्या रविवारी त्यांना सांगितले की, साडेचारशेपैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी गेले, बाकीचे चष्म्यांना लागले. त्यांनी आकडा दोनदा म्हणवून घेतला आणि मान डोलावली.

चोरीच्या रकमेला व्हाउचर म्हणून मी पोलिसांच्या दाखल्याची प्रत लावली आणि साक्षीदार म्हणून काकांची सही घेण्यासाठी त्यांना कार्यालयात बोलावले. ते जिना चढून आले, चष्मा पुसला आणि इंग्रजी मजकूर मला मराठीत वाचून दाखवायला लावला. आरडाओरडा ऐकून जमाव जमला, या वाक्यावर त्यांनी मला थांबवले.

“आरडाओरडा कोणाचा, ते लिहिलंय का?”

मी पुन्हा पाहिले आणि लिहिलेले नाही असे सांगितले.

“तो शब्द मी उगाच पाठ केला, ताई,” काका म्हणाले. मग त्यांनी पेन मागितले, दाखवलेल्या जागी सावकाश सही केली आणि खाली तारीख घातली.