स्कॉटलंडहून दोनच बाटल्या आणा

तिथली व्हिस्कीची बाटली 700 मिलीची. तीन घेतल्या की 2100 होतात, आणि भारतात माणशी दोनच लिटर करमुक्त. हा हिशेब मी ग्लासगोत मुलाकडे बॅग भरतानाच करायला हवा होता.

पहाटे चारला उतरलो. मोज्यांत गुंडाळलेल्या तिन्ही बाटल्या अधिकाऱ्याने स्टीलच्या टेबलावर ओळीने उभ्या केल्या. "साहेब, शंभर मिलीच जास्त आहे हो." "म्हणजे एक बाटली जास्त झाली." ठीक, नियम आहे, भरतो म्हटलं. पण बिल? दोन बाटल्यांचं होतं, तिसरीची पावती मी डिस्टिलरीतच फेकून दिलेली. मग किंमत ठरेना. एकजण मोबाईलवर शोधतोय, दुसरा म्हणतो मोठ्या साहेबांना विचारू, मोठे साहेब जागेवर नाहीत. बसायला खुर्ची नाही, माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ही फोनवर म्हणाली, "अहो, द्या सोडून ती बाटली." सव्वासहाला पावती हातात पडली. पैशाचं काही नाही, दोन तास उभं ठेवलं त्याचा राग अजून जात नाही. तेव्हा प्रत्येक बिल पासपोर्टसोबत ठेवा.

ती सोडणं शक्यच नव्हतं. डीनस्टन 12, म्हणजे बारा वर्षं मुरलेली. डून गावाजवळ टीथ नदीकाठी अठराव्या शतकातली सूतगिरणी होती, ती 1960च्या दशकात बंद पडली आणि तिथेच डिस्टिलरी उभी राहिली. जिथे माग चालायचे त्या कमानींच्या शेडमध्ये आता पिंपं मुरत पडलीत. माझे वडील परळच्या गिरणीत होते. त्या शेडमध्ये मी बराच वेळ नुसता उभा होतो.

आणि पैसे वसूल करणारी बाटली आहे ती. लेबलवर वयाआधी अल्कोहोलचे टक्के बघा. कायद्याने किमान 40 लागतात, हिच्यात 46.3 आहेत. 46 किंवा त्याहून जास्त असले की बहुधा गार करून गाळलेली नसते, अंगचा तेलकटपणा टिकतो. अ‍ॅरन 10 आणि बुनाहाव्हन 12 याच हिशेबाने घेतल्या. अठरा वर्षांच्या मागे लागून दुप्पट-तिप्पट पैसे घालवू नका.

बर्फ नको. आधी नुसती चाखा, मग चमच्याने चार थेंब पाणी. डीनस्टनमध्ये पाणी पडलं की मधाचा वास वर येतो. रविवारी धाकटा भाऊ आला होता, त्याला पहिला पेग त्याच बाटलीतला दिला.