ऑक्सिजन नाही, तरी ऑक्सिडीकरण कसं?

दहावीला ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ शिकवताना पोरांची गाडी नेमकी एका ठिकाणी अडते. ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण, एवढं तोंडपाठ असतं. मॅग्नेशिअमची फीत जळेपर्यंत सगळं सुरळीत. मग कॉपर सल्फेटच्या द्रावणात जस्त टाकायची वेळ येते आणि कुणीतरी विचारतं, “मॅडम, ह्यात ऑक्सिजन कुणाला मिळाला?”

कुणालाच नाही. सल्फेट होतं तसंच राहतं. हा प्रश्न ज्याला पडला, त्याला धडा कळायला लागलाय असं मी समजते.

जस्ताचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो आणि आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, होऊन पाण्यात उतरतो. तांब्याचा आयन ते दोन घेतो आणि तांबं होऊन बाहेर पडतो. देणाऱ्याचं ऑक्सिडीकरण, घेणाऱ्याचं क्षपण. घेणारा असल्याशिवाय देणं होत नाही, म्हणून दोन्ही एकदमच घडतात. ऑक्सिजनची व्याख्या चुकीची नाही, पण अपुरी आहे. इलेक्ट्रॉन घ्यायला ऑक्सिजन पटाईत म्हणून ह्या क्रियेला त्याचं नाव पडलं, इतकंच.

सोलापूरजवळच्या नान्नजकडून येणाऱ्या पोरांना हे सांगायला फळ्याचीही गरज नसते. त्यांच्या द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक फवारतात. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. फवारणीआधी त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवून बघतात. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घालायचा. मोरचूद म्हणजेच कॉपर सल्फेट. चुना पुरेसा नसेल तर तांब्याचे आयन पाण्यात मोकळे राहतात, लोखंड त्यांना इलेक्ट्रॉन देतं आणि तांबं लोखंडावर बसतं. चुना पुरला की तांबं त्याच्याबरोबर न विरघळणाऱ्या रूपात अडकतं, मग खिळा स्वच्छ निघतो. मोकळं तांबं पानं जाळतं, म्हणून ही तपासणी. मिश्रण लोखंडी पिंपात का करत नाहीत, हेही पोरं मग आपणहून सांगतात.

पण मला सगळ्यात आवडतो तो सुताच्या रंगाचा मामला. क्लास सोलापूरच्या पूर्व भागात, त्यामुळे कुणाचे ना कुणाचे पप्पा डाईंगवर असतातच. धुऊन धुऊन न उतरणारा रंग हवा तर व्हॅट रंग घेतात, आणि हे रंग मुळात पाण्यात विरघळतच नाहीत. विरघळत नाही तो सुताच्या आत शिरणार कसा? नीळच घ्या. टाकीत कॉस्टिक सोडा आणि हायड्रोस घालतात. हायड्रोस म्हणजे सोडिअम डायथायोनाइट, इलेक्ट्रॉन द्यायला एकदम तयार. निळीचा रेणू त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन घेतो आणि कॉस्टिकमध्ये विरघळतो. टाकीतलं पाणी पिवळट हिरवं दिसतं, वर तेवढी निळसर साय. लडी आत बुडते तेव्हा ती निळी होणार आहे असं कुणी म्हणणार नाही. वर काढून पिळली की हवा लागते. पिवळट, हिरवी, मग कडेकडेनं निळी. हवेतल्या ऑक्सिजननं ते इलेक्ट्रॉन परत घेतलेले असतात. रंग पुन्हा न विरघळणारा झाला, पण आता तो धाग्याच्या आत आहे. धुतल्यावर बाहेर येईल कसा?

टाकी उघडी राहिली तर हायड्रोस का वाढवावा लागतो, तेही ह्यातच आलं. हवा त्याचेही इलेक्ट्रॉन घेत असते.

म्हणून आमच्याकडे समीकरण संतुलित करायच्या आधी वहीत दोन ओळी लिहायच्या: कुणी दिले, कुणी घेतले. एवढं जमलं की दोन्ही बाजूंचे अणू मोजणं सोपं जातं, आणि अकरावीत ऑक्सिडीकरण अंक आले की पोरं गडबडत नाहीत.

हायड्रोस मात्र घरी आणू नका. ओलावा लागला की तो आपोआप तापतो, पेटूही शकतो आणि उग्र वायू सोडतो. खिळ्याचा प्रयोग करा. काचेच्या ग्लासात चिमूटभर मोरचूद, पाणी, पॉलिश कागदानं घासलेला खिळा. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे तो ग्लास पुन्हा पिण्याला वापरायचा नाही आणि हात साबणानं धुवायचे.