कोल्हापुरातून कराची ओळखताना

नकाशावर कोल्हापूर आणि कराची यांना जोडणारी सरळ रेषा काढली, तर ती सुमारे १,१८० किलोमीटर भरते आणि तिचा मध्यबिंदू सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास पडतो. लाहोर आपल्या जवळजवळ नेमके उत्तरेला, सुमारे १,६५० किलोमीटरवर आहे आणि त्या रेषेचा मध्य राजस्थान व मध्य प्रदेश यांच्या सीमेवर, प्रतापगड-नीमचच्या परिसरात येतो. दूरच्या दूरचित्रवाणी केंद्रांची चित्रे पकडण्याचा छंद ज्याला आहे, त्याला असे मध्यबिंदू पाठ असतात. कारण कराचीचे चित्र येणार की नाही हे कोल्हापूरच्या आभाळात ठरत नाही आणि कराचीच्याही नाही. ते वेरावळच्या डोक्यावर, शंभर-एकशेदहा किलोमीटर उंचीवर ठरते.

त्या उंचीवर आयनावरणाचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, ई नावाचा थर आहे. वातावरणात शिरून जळालेल्या उल्कांमधले लोह आणि मॅग्नेशियम यांचे विद्युतभारित कण तेथे तरंगत असतात. वरच्या आणि खालच्या पातळीवर वारे विरुद्ध दिशांनी वाहू लागले, की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने हे कण एका पातळीवर दाबले जातात आणि जेमतेम एखाद-दोन किलोमीटर जाडीचा दाट पापुद्रा तयार होतो. एरवी सरळ अवकाशात निघून जाणाऱ्या दूरचित्रवाणीच्या लहरी त्यावरून परततात आणि एका उडीत दोन हजार किलोमीटरच्या थोड्या पुढेपर्यंत जाऊन पोहोचतात. याला स्पोरॅडिक ई म्हणतात. आपल्याकडे त्याचा खरा हंगाम मे ते ऑगस्ट. तो कधी दहा मिनिटे टिकतो, कधी दुपारभर. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे जे रडार आहे, ते साधारण याच उंचीच्या किंचित खालच्या वाऱ्यांचा अभ्यास करते, ही गोष्ट कोल्हापुरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक असावी.

हा सगळा खेळ मुख्यतः व्हीएचएफच्या, म्हणजे दूरचित्रवाणीच्या जुन्या वारंवारतांच्या, पहिल्या पट्ट्यात चालतो. आपल्या पद्धतीत तेथे तीन चॅनेल होते: चित्रलहर (चित्र वाहून नेणारी लहर) ४८.२५ मेगाहर्ट्झवर असलेला दुसरा, ५५.२५ वरचा तिसरा आणि ६२.२५ वरचा चौथा. पापुद्रा दाट होत जातो तसा आधी दुसरा चॅनेल जागा होतो, मग तिसरा, आणि चांगल्या दिवशी चौथा. म्हणून दुसऱ्या चॅनेलवर नुसत्या मुंग्या असताना चौथ्यावर चित्र दिसले, तर मी आधी आयनावरणाचा विचार करत नाही. जवळपासचे कोणते प्रक्षेपक चालू आहेत ते पाहतो.

चित्र दिसले म्हणजे काम संपले असे मानणारे पुष्कळ आहेत. माझ्या दृष्टीने काम तेथून सुरू होते, कारण आलेले चित्र कोणाचे हे पुराव्याने ठरवता आले नाही, तर वहीत लिहिण्यासारखे काहीच हाती लागत नाही. उपग्रहवाहिन्या आल्यानंतर परदेशी कार्यक्रम तबकडीवर कोणालाही पाहता येऊ लागले. तेव्हा कार्यक्रमासाठी हा खटाटोप कोणी करत नाही, हे उघड आहे.

पहिला प्रश्न नेहमी एकच असे: हे आपलेच दूरदर्शन तर नव्हे? त्या दोन हजार किलोमीटरच्या वर्तुळात परदेशापेक्षा भारतच जास्त बसतो. दिल्ली कोल्हापूरहून साडेतेराशे किलोमीटरवर आहे, म्हणजे उडीसाठी अगदी सोयीच्या अंतरावर. पडद्यावर उर्दू अक्षरे दिसली म्हणून पाकिस्तान असा निष्कर्ष काढणे तर फारच धोक्याचे, कारण श्रीनगर दूरदर्शनही उर्दू दाखवते आणि श्रीनगर, अमृतसर व लाहोर ही तिन्ही शहरे आपल्याकडून पाहिली तर उत्तरेला जवळजवळ एकाच रेषेत उभी आहेत. अँटेना कितीही काटेकोरपणे फिरवली, तरी ती या तिघांत फरक करू शकत नाही.

दिशेबाबत आणखी एक गंमत आहे आणि ती कोल्हापूरकराच्याच वाट्याला येते. कराची आपल्या वायव्येला, तर श्रीलंका आग्नेयेच्या थोडी दक्षिणेकडे. म्हणजे ही दोन ठिकाणे जवळपास एकाच रेषेच्या दोन टोकांना आहेत. पहिल्या पट्ट्यासाठीची अँटेना मोठी असते. पन्नास मेगाहर्ट्झसाठी साधी द्विध्रुव छडीसुद्धा पावणेतीन मीटरच्या पुढे जाते. माझी अँटेना उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमची नळी कापून करून घेतली, तेव्हा तेथले मिस्त्री म्हणाले होते, “एवढी लांब छडी कशाला पायजे तुम्हाला? गावातलं केंद्र तर वायरच्या तुकड्यावरबी येतंय.” एवढ्या मोठ्या मापात दोन-तीन छड्यांपेक्षा जास्त छड्या घराच्या गच्चीवर मावत नाहीत, आणि दोन छड्यांची अँटेना जितके पुढचे ऐकते त्याच्या बरेच जवळपास मागचेही ऐकते. तेव्हा वायव्येकडे तोंड करून मिळालेले चित्र पाठीमागून आलेले नाही, हे कशावरून?

याचे उत्तर अँटेनेत नाही, भूगोलात आहे. वाऱ्यांनी कण दाबले जाण्यासाठी चुंबकीय बलरेषांना थोडा तरी कल असावा लागतो. भारताच्या दक्षिण टोकाजवळून चुंबकीय विषुववृत्त जाते आणि तेथे बलरेषा जमिनीला समांतर असतात. १९६३ मध्ये अग्निबाण सोडण्यासाठी थुंब्याची निवड झाली ती याच विषुववृत्तामुळे. कोल्हापूर-कोलंबो रेषेचा मध्य तमिळनाडूत, त्या पट्ट्याच्या बराच जवळ पडतो आणि तेथे ही यंत्रणा दुबळी होते. वेरावळ किंवा नीमचवर ती नीट चालते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे लोक श्रीलंकेची रूपवाहिनी पाहत असत हे खरे आहे, पण ते समुद्र ओलांडून येणाऱ्या जवळच्या लहरींमुळे. त्यात या पापुद्र्याचा हात नव्हता. त्यामुळे वायव्य की आग्नेय असा पेच पडला, तर मी वायव्येला झुकते माप देतो. तरीही अँटेना पूर्ण उलटी फिरवून पाहिल्याशिवाय वहीत दिशा लिहीत नाही.

सगळ्यांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे पडद्यावरचे घड्याळ. बातम्यांपूर्वी ते दाखवण्याची पद्धत होती. पाकिस्तान आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, संयुक्त अरब अमिराती दीड तास मागे, बांगलादेश अर्धा तास पुढे, नेपाळ पंधरा मिनिटे पुढे. श्रीनगरचे उर्दू आणि लाहोरचे उर्दू वेगळे काढायला याहून सोपे साधन नाही. पाकिस्तान टेलिव्हिजनचे ‘खबरनामा’ हे बातमीपत्र तेथल्या रात्री नऊचे, म्हणजे आपल्या साडेनऊचे, हे तर छंद नसलेल्यांनाही माहीत होते. पण घड्याळालाही एक मेख आहे. पाकिस्तानने २००२, २००८ आणि २००९ या तीन वर्षांत उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केली होती, आणि त्या काळात तो देश आपल्या अर्धा तास पुढे होता. जुन्या नोंदी तपासणाऱ्याने हे लक्षात ठेवले नाही, तर तो कराचीला ढाक्याकडे ढकलून मोकळा होईल.

२००८ च्या जूनमधली अशीच एक दुपार सविस्तर सांगण्यासारखी आहे. बाहेर पावसाची संततधार होती, पण आयनावरणाला पावसाशी देणेघेणे नसते. आधी दुसऱ्या चॅनेलवरच्या मुंग्या दाट-विरळ होऊ लागल्या, मग आडव्या पट्ट्या आल्या आणि थोड्या वेळाने तिसऱ्यावर चित्र स्थिर झाले. एक गोल घड्याळ होते, सेकंदकाटा बाराकडे चालला होता आणि त्यात पाच वाजत होते. माझ्या मनगटावर साडेचार. म्हणजे भारत बाद. अर्धा तास पुढे म्हटल्यावर बांगलादेश किंवा उन्हाळी वेळ पाळणारा पाकिस्तान. घड्याळ गेले आणि निवेदिकेच्या खाली तिरकी, उजवीकडून डावीकडे उतरत जाणारी उर्दूची नस्तालीक अक्षरे आली. बांगलादेशही बाद झाला. देश ठरला, तो इतक्या थोड्या वेळात. त्यानंतर चित्र दोनदा विरले, दोनदा परत आले आणि मध्ये एका जाहिरातीत ०२१ ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक दिसला. ०२१ हा कराचीचा संकेतांक आहे, ०४२ लाहोरचा आणि ०५१ इस्लामाबाद-रावळपिंडीचा.

येथे कोणीही ‘कराची’ लिहून मोकळे होईल. मी लिहिले नाही, कारण राष्ट्रीय जाळ्यावरचा कार्यक्रम आणि त्यातल्या जाहिराती देशभरातल्या सगळ्या प्रक्षेपकांवरून एकाच वेळी जातात. कराचीच्या दुकानाची जाहिरात लाहोरच्या मनोऱ्यावरूनही येऊ शकते. क्रमांकाने एवढेच सिद्ध झाले, की दुकान कराचीत आहे. प्रक्षेपक ठरवायचा तर दुसरीकडे पाहावे लागते. त्या वेळी दिल्लीचे चित्र येत होते का? दिल्लीच्या रेषेचा मध्य इंदूरजवळ पडतो. दिल्ली जोरात असेल, तर पापुद्रा माळव्यावर आहे आणि लाहोरची शक्यता वाढते. त्या दुपारी दिल्ली औषधालाही नव्हती आणि अँटेना उत्तरेकडे वळवली की चित्र क्षीण होत होते. सबब नोंद अशी झाली: पाकिस्तान नक्की, कराची बहुधा. ती आजही तशीच आहे.

प्रक्षेपक नक्की करायला प्रादेशिक कार्यक्रमांची वेळ गाठावी लागते. पाकिस्तान टेलिव्हिजनची सुरुवात १९६४ मध्ये लाहोरला झाली, पुढे कराची, रावळपिंडी-इस्लामाबाद आणि १९७४ मध्ये क्वेट्टा व पेशावर ही केंद्रे आली, आणि प्रत्येक केंद्राच्या परिसराची भाषा वेगळी. सिंधी लिपी उभ्या नस्ख वळणाची असते आणि तिच्यात चार-चार टिंबांची अक्षरे असतात. भाषा येत नसली, तरी अंधूक चित्रातही टिंबांची गर्दी डोळ्यांत भरते. दुसरी खूण सूर्यास्ताची. मगरिबची अजान सूर्यास्ताला होते आणि कराचीचा सूर्य लाहोरच्या नंतर मावळतो. डिसेंबरात हा फरक पाऊण तासाच्या घरात असतो, जूनमध्ये मात्र पाव तासाहून कमी. आमचा हंगाम नेमका जूनचा, त्यामुळे खूण नाजूक होते; तरी स्थानिक अजान मिळाली, तर मिनिटाचा हिशेब करून उत्तर निघते.

तांत्रिक खुणाही आहेत. भारत, पाकिस्तान, श्रीलंका या सर्वांची ॲनालॉग प्रक्षेपणाची पद्धत एकच, पाल बी, त्यामुळे आपल्या संचावर चित्र आणि आवाज दोन्ही नीट लागतात. चित्र स्वच्छ पण आवाजाचा पत्ता नाही, आणि ट्यूनिंगही किंचित पुढे सरकवावे लागते आहे, असे असले तर पूर्वी चीनकडे पाहावे लागे, कारण तेथे चित्र आणि आवाज यांतले अंतर साडेपाचऐवजी साडेसहा मेगाहर्ट्झ असे आणि पहिला चॅनेल ४९.७५ वर होता. जोरदार चित्राला रंगच नसेल, तर पूर्वी सेकाम ही वेगळी रंगपद्धत वापरणाऱ्या इराणचा संशय घेता येत असे. परंतु अशक्त चित्राचेही रंग आधी जातात, म्हणून या खुणेला मी एकटीला कधीच मोजत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत अरबी समुद्रावर दुसरा मार्ग खुला होतो. पाण्यालगतच्या दमट हवेवर अरबस्तानाकडची कोरडी, उष्ण हवा पसरते आणि त्या दोहोंच्या मध्ये लहरी कोंडल्या जाऊन आखाती देशांपर्यंतचे अंतर कापतात. मुंबईकरांना दुबईची चित्रे उन्हाळ्यात दिसत, ती अशी. हे कोंडलेले थर बहुधा काही शे मीटरच्या आतले असतात आणि कोल्हापूर सह्याद्रीच्या अलीकडे आहे, त्यामुळे येथे बसून त्यांचा उपयोग नाही. पन्हाळ्यावर जाऊन उंची मिळते, समुद्र मिळत नाही. त्यासाठी गगनबावड्याचा घाट उतरून मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच जावे लागते, आणि पावसाळा लागला की तो मार्ग बंद.

दूरदर्शनने आपले जुने ॲनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. २०२२ पर्यंत मोजकी केंद्रे सोडून बहुतेक सगळी थांबली, आणि ज्या केंद्रांना आधी वगळावे लागे, त्यांतली बहुतेक आता वाटेत उरली नाहीत. पडद्याची जागा संगणकाला जोडायच्या लहानशा एसडीआर डोंगलने, म्हणजे संगणकाच्या मदतीने चालणाऱ्या रेडिओग्राहकाने, घेतली आहे. त्यावर चित्र उमटण्याइतकी ताकद नसलेली चित्रलहरसुद्धा एका बारीक उभ्या रेषेसारखी दिसते आणि तिची वारंवारता हर्ट्झपर्यंत मोजता येते. एकाच चॅनेलवरच्या शेजारी प्रक्षेपकांनी एकमेकांच्या चित्रात आडव्या पट्ट्या पाडू नयेत, म्हणून त्यांच्या चित्रलहरी मुद्दाम दहा किलोहर्ट्झच्या आसपास मागेपुढे ठेवण्याची पद्धत होती. हा फरक आणि प्रत्येक प्रक्षेपकाची स्वतःची किरकोळ चूक मिळून त्याची ओळख ठरते. चित्र एकदा दिसलेले असेल आणि त्याच वेळी ही संख्या टिपलेली असेल, तर पुढच्या खेपेला नुसत्या रेषेवरून केंद्र सांगता येते.

कोणाला सुरुवात करायची असेल, तर मेच्या मध्याला छडी वायव्येकडे रोखावी आणि सकाळी उशिरा व पुन्हा तिसऱ्या प्रहरी ४८.२५ वर लक्ष ठेवावे. घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर आधी बंद करावेत, कारण या पट्ट्यात सर्वांत मोठा गोंगाट त्यांचाच असतो. वळवाच्या विजा चमकू लागल्या, की केबल काढून गच्चीवरून खाली यावे. नोंदवहीत वेळ मात्र भारतीय न लिहिता जागतिक वेळ लिहावी; शेजाऱ्याने घड्याळ पुढे केले की मागे, याचा हिशेब मग नंतरही करता येतो.