सोबतीण गेल्यावर बंड्याने खाणे सोडले : माझा अनुभव

आमच्याकडे दोन कुत्री होती. थोरली चिंगी मूत्रपिंडे निकामी होऊन गेली आणि धाकटा बंड्या मागे राहिला. चिंगीच्या आजारपणाबद्दल मला काही लिहायचे नाही, कारण तिच्यावर उपचार करणाऱ्यांनी आपले काम चोख केले आणि तिला अखेरीस त्रास होऊ दिला नाही. लिहायचे आहे ते त्यानंतर बंड्याला घेऊन मी ज्या दवाखान्यात खेटे घातले त्याविषयी. तेथे त्याचे खाणे सुटण्यामागे दुःख आहे हे पहिल्याच वाक्यात ठरवले गेले आणि मग त्याला कोणी हातच लावेना. त्याची चीड मला अजूनही आहे.

कुत्र्याला दुःख होते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. 2022 साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात इटलीतील 426 कुत्रापालकांच्या उत्तरांवर आधारित अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातील दुसरे कुत्रे गेल्यानंतर मागे राहिलेल्या कुत्र्याच्या वागण्यात प्रतिकूल बदल दिसल्याचे त्यांपैकी 86 टक्के पालकांनी सांगितले होते. सतत जवळ घुटमळणे, खेळणे कमी होणे, जास्त झोपणे, घाबरणे असे ते बदल होते, आणि जवळजवळ चौथ्या हिश्श्याच्या बाबतीत ते सहा महिन्यांहून अधिक काळ टिकले. मात्र याच अभ्यासात खाणे कमी झाल्याचे सांगणारे पालक सुमारे 32 टक्केच होते. खाणे सुटणे हे दुःखाचे लक्षण असू शकते, पण दुःख म्हटले की कुत्रा खाणे सोडणारच, असे मानायला आधार नाही. दवाखान्यात मी हेच सांगत राहिलो.

सुरुवातीला बंड्याचे वागणे कोणालाही समजेल असेच होते. तो चिंगीच्या अंथरुणाचा वास घेई, दाराशी बसून राही, आणि घरातले कोणी बाहेर पडू लागले की विव्हळत मागे येई. खाणे कमी झाले होते, पण बंद नव्हते. पुढे मात्र मला वेगळेच काही दिसू लागले. भांडे ठेवले की तो लगबगीने येई, वास घेई, तोंडात घास घेई, मान एका बाजूला कलती करून तो खाली टाकी आणि भांड्याकडे पाहत उभा राही. त्याला भूक होती. ज्याची खाण्यावरची इच्छाच उडाली आहे तो भांड्यापाशी फिरकत नाही. जो येतो, घास उचलतो आणि टाकतो, त्याच्या तोंडात, घशात किंवा पोटात काही दुखत असण्याची शक्यता आधी तपासायला हवी. हा फरक घरच्या माणसाइतका दुसऱ्या कोणाच्या लक्षात येणार नाही, म्हणून तो मोबाइलवर चित्रित करून ठेवावा.

दवाखान्याच्या खिडकीवर मी सरळपणे सांगितले, “याची सोबतीण गेली, आणि हा नीट खात नाही.” तेथील मदतनिसाने सहानुभूतीने मान हलवली आणि केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात ‘वर्तन’ असे लिहिले. त्या दवाखान्यात वर्तनाच्या तक्रारींसाठी वेगळा वार ठरलेला होता आणि त्याची प्रतीक्षायादी लांब होती. आजारी कुत्र्यांच्या रांगेत आम्हाला बसू देईनात, कारण कागदावर बंड्या आजारी नव्हता. जो वार मिळाला त्या दिवशी डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच त्याच्याकडे पाहिले, चिंगीची चौकशी केली, “दुःखात आहे, आवडीचे खाऊ घाला, नाहीतर एखादे पिल्लू आणा,” असे सांगितले आणि फरक पडला नाही तर मन शांत करणारी गोळी सुरू करू, असेही म्हणाले. त्याचे तोंड पाहावे अशी विनंती मी केली, तेव्हा वर्तनाच्या भेटीत शारीरिक तपासणी होत नाही, त्यासाठी दुसरा केसपेपर काढावा लागेल, असे उत्तर मिळाले. दुसरा केसपेपर काढायला गेलो, तर खिडकीवर त्यांनी पहिला कागद पाहिला आणि “तक्रार तीच आहे, मग पुढच्या वर्तनाच्या वारालाच या,” असे सांगून परत पाठवले.

त्या सगळ्या काळात बंड्याच्या बरगड्या हाताला लागू लागल्या होत्या. खात नसलेल्या कुत्र्याला आठवड्याआठवड्याच्या अंतराने बोलावणे हे माझ्या मते अक्षम्य आहे. मोठ्या कुत्र्याने चोवीस तास काहीच खाल्ले नाही तर पशुवैद्याला विचारावे. पिल्लू असेल, मधुमेही असेल, किंवा उलट्या, जुलाब, सुस्ती यांपैकी काही सोबत असेल तर तेवढेही थांबू नये. सोबती गेल्याचे कारण पुढे करून ही मुदत कोणी वाढवू शकत नाही.

अखेर वजनाची नोंद कामाला आली. प्रत्येक भेटीत काट्यावर उभे करण्याची तेथे पद्धत होती, आणि चिंगीच्या हयातीतील लसीकरणाच्या वेळचे बंड्याचे वजनही त्याच्या जुन्या कार्डावर होते. ते आकडे एकाखाली एक लिहून मी खिडकीवर ठेवले, शेजारी घास टाकतानाचे चित्रण लावले आणि शांतपणे म्हणालो की, एवढे वजन उतरूनही तोंडाची तपासणी होणार नसेल, तर तसे केसपेपरवर लिहून सही करून द्यावे. आवाज चढवला नाही, पण खिडकीवरून हललोही नाही. थोड्या वेळाने आतून एक तरुण डॉक्टर आल्या, त्यांनी बंड्याच्या मानेखाली हात घेतला, वरचा ओठ उचलला आणि लगेच म्हणाल्या, “ही दाढ तुटली आहे.” वरच्या जबड्यातील सर्वांत मोठ्या दाढेचा बाहेरचा तुकडा उडाला होता, हिरडी लाल झाली होती आणि त्याच बाजूला डोळ्याखाली किंचित सूज होती. ओठ उचलण्याइतक्या साध्या कृतीसाठी माझ्या कुत्र्याने इतके दिवस दुखणे सोसले. मी हटून बसलो याचा मला अभिमान वाटतो.

रक्ततपासणी, भूल, एक्स-रे आणि दाढ काढणे हे सर्व पुढे सुरळीत पार पडले. जखम भरेपर्यंत मऊ खाणे दिले आणि वेदनाशामके डॉक्टरांनी लिहून दिली तेवढीच दिली. माणसांची वेदनाशामके कुत्र्याला कधीही देऊ नयेत; आयबुप्रोफेनसारखी साधी वाटणारी गोळीही त्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकते.

त्याच डॉक्टरांनी विचारले की हा काही कठीण वस्तू चावतो का. आमच्या पाहण्यात तसे काही नव्हते, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून आम्ही बाहेर जाताना घरात मोबाइलवर चित्रण चालू ठेवले. दार बंद होताच बंड्या धापा टाकू लागला, येरझाऱ्या घालू लागला आणि मग फाटकाची लोखंडी सळई दातांत धरून ओढू लागला. चिंगी असेपर्यंत तो घरात कधीच एकटा राहिला नव्हता. दुःख खरेच होते, आणि दाढ तुटली ती बहुधा त्याच दुःखापायी. पण त्या दवाखान्याने दुःखाचे नाव घेऊन तोंड पाहायचे टाळले. वागण्यात बदल झाला आहे असे सांगून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची शारीरिक तपासणी आधी व्हायला हवी, ती ही अशी कारणे असतात म्हणून.

दाढेचे दुखणे गेल्यावर खाणे लवकर पूर्ववत झाले, एकटेपणाला मात्र वेळ लागला. काही काळ घरात कोणी ना कोणी राहील अशी व्यवस्था केली आणि त्याच काळात एकटे राहण्याचा सराव दिला: दाराबाहेर क्षणभर जाऊन परतायचे, तो शांत राहिला तरच पुढच्या वेळी अंतर थोडे वाढवायचे, अस्वस्थ झाला तर मागच्या पायरीवर यायचे. फिरण्याच्या आणि खाण्याच्या वेळा बदलल्या नाहीत. फिरताना त्याला हवे तेथे थांबून वास घेऊ दिला. चिंगीचे अंथरूण न धुता तसेच ठेवले आणि तो त्याकडे जाईनासा झाल्यावरच काढले. जवळ आला की त्याला कुरवाळले. घाबरलेल्या कुत्र्याला धीर दिल्याने त्याची भीती वाढत नाही. गोळीची आम्हाला गरज पडली नाही. ज्यांना पडेल त्यांनी हे लक्षात ठेवावे की फ्लुओक्सेटीनसारख्या चिंता कमी करणाऱ्या औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला भूक कमी होणे हा त्याचाच एक दुष्परिणाम आहे. खात नसलेल्या कुत्र्याला तपासणीशिवाय मन शांत करणारी गोळी देण्याची तयारी दाखवली गेली होती, हे आठवले की मला आजही राग येतो.

आवडीचे खाऊ घाला म्हणजे वाटेल ते घाला असे नव्हे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) घातलेले पदार्थ कुत्र्याला विषारी आहेत. नेहमीचेच अन्न कोमट करून दिले तर त्याचा वास अधिक येतो, आणि खाल्ले नाही तर थोड्या वेळाने उचलून ठेवावे. दर वेळी नवा पदार्थ पुढे केला तर तो नव्याचीच वाट पाहतो. पिल्लाच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की, दुखण्याने आणि भीतीने ग्रासलेल्या कुत्र्यावर पिल्लाचा दंगा लादणे दोघांवरही अन्याय आहे. आम्ही अजून दुसरे कुत्रे आणलेले नाही.

दवाखान्याच्या खिडकीवर पहिले वाक्य “खात नाही, वजन उतरले आहे, तोंड आणि पोट तपासायचे आहे,” हेच असू द्यावे. सोबती गेल्याचे डॉक्टरांच्या समोर बसल्यावर सांगावे. अपवाद एकच, आणि तो वरच लिहायला हवा होता: गेलेला प्राणी संसर्गाने किंवा विषबाधेने दगावला असण्याची शंका असेल, तर ते खिडकीवरच, सर्वांत आधी सांगावे. कुत्र्यांना जीवघेण्या उलट्या-जुलाब करणारा पार्व्होचा विषाणू घरात आणि अंगणात कित्येक महिने टिकतो, उंदरांसारख्या प्राण्यांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हा आजार माणसांनाही होतो, आणि उंदरांचे विष एकाने खाल्ले असेल तर दुसऱ्यानेही खाल्लेले असू शकते. अशा वेळी मागे राहिलेल्या कुत्र्याला त्याच दिवशी तपासून घ्यावे, आणि गेलेल्या प्राण्याचे अंथरूण, भांडी यांचे काय करायचे हेही डॉक्टरांनाच विचारावे.