62.3 टक्क्यांवर अडकलेली रात्र

परवा कॉम्प्युटरवर विंडोजचं अपडेट चालू असतानाच वीज गेली. यूपीएसची बॅटरी दिवाळीपासून मेलेली, बदलू बदलू म्हणत राहिलेली. तेव्हापासून स्टार्टचं बटण दाबलं की ढिम्म. आई म्हणाली, "दुकानात नेऊन दे." तिथे थेट फॉरमॅट मारतील या धास्तीने मीच बसलो.

स्टार्ट उघडेना, म्हणून कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची काळी खिडकी) काढला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या चौकटीत खूण करून. विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त करणारा 'एसएफसी /स्कॅननाऊ' हा हुकूम दिला. वीस मिनिटांनी उत्तर: बिघडलेल्या फायली सापडल्या, काही दुरुस्त झाल्या नाहीत.

एसएफसी चांगल्या प्रती विंडोजच्याच कोठारातून उचलतं. कोठारालाच कीड लागली तर ते तरी काय करणार? कोठाराची डागडुजी 'डिझम' हा दुसरा हुकूम करतो, 'रिस्टोअरहेल्थ' दिलं की विंडोज अपडेटमधून धड फायली आणून. म्हणजे आधी डिझम, मग एसएफसी. मी उलटं केलं.

डिझम 62.3 टक्क्यांवर थांबलं ते थांबलंच. खिडकी बंद करायला हात शिवशिवत होते. दोनदा चहा झाला. मग एकदम 100. पुन्हा एसएफसी, रीस्टार्ट, आणि स्टार्ट मेनू टुणकन वर.

आईने लगेच विचारलं, "आता पत्ते खेळता येतील ना?"