त्रिपुरारीच्या रात्री खिद्रापुरात

त्रिपुरारी पौर्णिमेला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या खिद्रापुरात, कोपेश्वर महादेवाच्या मंदिरातल्या स्वर्गमंडपात चांदणं उतरतं, हे लहानपणापासून ऐकत होतो. यंदा मुद्दाम रात्री गेलो आणि तासभर लोकांच्या वर धरलेल्या मोबाइलकडे बघत उभा राहिलो. तेव्हा सोहळा बघायला रात्री जा, पण मंदिर बघायला दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. आम्ही कुरुंदवाडला पाहुण्यांकडे मुक्काम केला म्हणून हे जमलं.

तरी रात्रीचं थोडं सांगतोच. मंदिराच्या पुढ्यातला हा मंडप गोल आहे आणि त्याच्या छताला मधोमध मोठं वर्तुळाकार उघडं आभाळ आहे. बरोबर खाली तेवढीच गोल, अखंड रंगशिळा. कार्तिकातला पूर्ण चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास इथे जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे चांदणं तिरकं न पडता सरळ शिळेवर उतरतं. पणत्या सगळीकडे होत्याच. बाराच्या आसपास गर्दी जरा पातळ झाली, पुढच्या आजींनी पदर सावरत मला वाट दिली, आणि शिळेच्या कडेला उभं राहून वर पाहिलं. दगडाच्या काळ्या कड्यात चंद्र आणि भोवती बारा खांब. त्या पाच मिनिटांसाठी झालेली सगळी रेटारेटी माफ.

सकाळी सात वाजता मात्र आम्ही चौघं, एक झाडूवाल्या मावशी आणि पारवे, एवढेच. आता खांब नीट दिसले. मंडपात एकूण ४८ आहेत. एकच खांब खाली चौकोनी, वर अष्टकोनी, मग गोल होत जातो, आणि गोल भागावरच्या कडा इतक्या धारदार की आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं काम वाटत नाही. छताच्या कडेला कार्तिकेय आणि आपापल्या वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल आहेत. मान दुखेल, पण घाई करू नका.

बाहेर पायाशी गजपीठ. मंदिराचा सगळा भार जणू हत्तींनी पाठीवर पेललाय. ९२ हत्ती सांगतात. मी एकसष्टपर्यंत मोजले, तेवढ्यात धाकट्याला तहान लागली. बऱ्याच हत्तींच्या सोंडा आणि वरच्या मूर्तींचे चेहरे फोडलेले आहेत. बघताना चरचरतं.

मंदिर शिलाहारांच्या काळातलं. दक्षिण दाराजवळ यादव राजा सिंघणाचा देवनागरी शिलालेख आहे, शके ११३६ चा. म्हणजे इसवी सन १२१३-१४. पुष्कळ जण ११३६ हे सरळ इसवी सन समजून सांगतात आणि सिंघणाला त्याच्या जन्माआधीच राज्यावर बसवतात!

सवयीने मी गाभाऱ्यासमोर नंदी शोधत होतो. पारावर बसलेले एक मामा हसले. ‘पावणं, नंदी हुडकताय व्हय? त्यो यडूरला बसलाय.’ मग कथाच सांगितली. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून माहेरी गेली आणि तिथेच तिने देह टाकला. नंदी तिकडेच राहिला, म्हणून इकडे महादेवापुढे जागा रिकामी. यडूर कृष्णेच्या काठीच, पण कर्नाटकात, आणि तिथे दक्षाचा यज्ञ मोडणाऱ्या वीरभद्राचं देऊळ आहे. कथा अशी दोन गावांत वाटली गेली आहे. इकडे कोपलेल्या शिवाला शांत करायला विष्णू आले, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर असे दोघे शेजारी. राग आवरायला कोणीतरी जवळ बसावं लागतं, हे आमच्या घरी लगेच पटलं.

जाण्याचं म्हणाल तर कोल्हापूरहून साठेक किलोमीटर, शिरोळ–नृसिंहवाडी–कुरुंदवाडमार्गे. रेल्वेने येणाऱ्यांना जयसिंगपूर किंवा मिरज सोयीचं. कुरुंदवाडहून एसटी आहे, पण फेऱ्यांची वेळ स्थानकावर आधी विचारून घ्या आणि पौर्णिमेच्या रात्री परतीची गाडी मिळेल असं धरून चालू नका. पावसाळ्यात कृष्णा चढली की शिरोळ तालुक्यातले रस्ते पाण्याखाली जातात, तेव्हा फोन करूनच निघा. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी दर्शनाला रांग असते, शिल्प बघायचं असेल तर ते दिवस टाळा. सभामंडपात दिवसाही अंधार, म्हणून बॅटरी न्या. उन्हाळ्यात फरशी तापते, पायमोजे उपयोगी पडतात. गावातच आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आहे, ते बहुतेक लोक न बघताच परततात.

परतताना नृसिंहवाडीला दत्ताचं दर्शन घेतलं आणि कवठाची बर्फी घेतली. अर्धा किलो घेतली होती, शिरोळ यायच्या आत डबा रिकामा.