त्या दुसऱ्या मुलीचं काय

रात्रीचे साडेदहा झालेत, लेक कधीच झोपलीये पण तिचा दुपारचा प्रश्न काही डोक्यातून जात नाहीये. मिरॅक्युलस हे कार्टून बघत होतो दोघी आणि मधेच म्हणाली, "आई, क्लोई कायम अशीच वाईट राहणार का गं?" क्लोई म्हणजे त्यातल्या नायिकेच्या वर्गातली खडूस मुलगी. मला पटकन काही सांगताच आलं नाही.

ती नायिका, मॅरिनेट, मला मनापासून आवडते. पॅरिसमधली शाळकरी पोर, आईबाबांची बेकरी, फॅशन डिझायनर व्हायचंय, आवडत्या मुलासमोर नुसतं त त प प, आणि तीच लेडीबग ही सुपरहिरो झाली की लकी चार्म म्हणून हातात काहीतरी भलतीच वस्तू येते, तिचं करायचं काय हे तिचं तिनेच डोकं लढवून शोधायचं, त्यात पाच मिनिटांत परत साधी मॅरिनेट होणार ही घाई. किती छान आहे हे! कपडे, उंच टाचा, मेकअप यांवरून अशा कार्टून्सना लोक बोलतात ते मलाही पटतं, पण मला जास्त टोचते ती शाळा.

अशी कुठलीही मालिका घ्या, वर्गात एक सुंदर, तोऱ्यात वावरणारी, खडूस मुलगी असतेच. २००१ च्या टोटली स्पाइजमध्ये मँडी, २००२ च्या किम पॉसिबलमध्ये बॉनी, आता क्लोई. जग वाचवणारी मुलगी सुचते मग वर्गातल्या दोन मुलींमध्ये जळण्यापलीकडे काही असू शकतं हे का नाही सुचत? क्लोईला तर क्वीन बी नावाची सुपरहिरो केलं, माझी लेक इतकी खूश झाली होती तेव्हा, आणि मग परत तिला खलनायक हॉक मॉथच्या बाजूला नेऊन बसवलं. मला खरंच राग आला.

१९९२ च्या सेलर मून या जपानी कार्टूनमध्ये हे जमलं होतं की. उसागी १४ वर्षांची, रडूबाई, मार्क कमी, शाळेत रोज उशीर, आणि रेईशी तिचं सतत वाजतं, पण दोघी एकाच टीममध्ये, वेळ आली की एकमेकींसाठी जीव टाकतात.

आमच्या वर्गातही होती एक "क्लोई". आम्ही सगळ्यांनी मिळून तिला शिष्ट ठरवलेलं. डबा ती एकटीच खायची हे दिसायचं रोज, पण ती एकटी आहे म्हणून तशी वागत असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही. आज फार आठवण आली तिची.

उद्या २०१८ ची शी-रा ही मालिका लावणार आहे. त्यातली कॅट्रा नायिका अ‍ॅडोराबरोबर लहानाची मोठी झालेली, मग समोर उभी ठाकते, किती वाईट वागते, पण ती अशी का झाली हे पाचही सीझन धीराने दाखवलंय आणि तिला परत यायला वाट ठेवलीये. नऊ वर्षांच्या पोरीला सगळं नाही कळणार कदाचित. मधे मधे थांबवून बोलू.